पाचव्या दिवसाचा चीक

आंबेखोलच्या चंद्रीला पाचव्या दिवशीही चीकच येत होता आणि सगळी गल्ली खूश होती.

व्यालेल्या गाईचं पहिलं दूध दाट आणि पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी ते जरा उतरतं आणि चौथ्या दिवसापर्यंत नेहमीसारखं पांढरं होतं. गोठ्यात वाढलेल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं. पण चंद्री पाचव्या दिवशीही हळद कालवल्यासारखं दूध देत होती, तेव्हा 'काहीतरी बिघडलंय' म्हणण्यापेक्षा 'लक्ष्मी प्रसन्न झाली' म्हणणं लोकांना जास्त गोड लागलं. चांगलं दिसतंय त्याला उगाच कोण खोदून विचारतं?

सारिका मगदूमच्या हातात त्या चिकाचा डबा पडला सकाळी साडेनऊला. ती तालुक्याच्या दूधसंघात प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिची धाकटी बहीण तेजू आंबेखोलला दिलेली, दोनदा पोट पडल्यावर आता सातवा महिना नीट सरत आलेला. डबा तिनेच पाठवला होता, संघाच्या टँकरवाल्याबरोबर. सोबत निरोपही होता.

"तुमच्या भनीनं सांगितलंय, पाचव्या दिवसाचा हाय, तरी बघा कसा दाट हाय. खरवस करून खा म्हणाल्यात."

टँकरवाला हसत निघून गेला. सारिकाला हसू आलं नाही. तिने हातमोजे चढवले, नाकातोंडावर मुखपट्टी बांधली आणि मगच डब्याचं झाकण काढलं.

तीन वर्षांपूर्वी आलेल्या सडतापाने तिला ही सवय लावली होती. पाणपक्ष्यांतून गाईंत उतरलेला हा विषाणू थेट कासेत घर करतो. दुभत्या गाईचं दूध एका रात्रीत चिकासारखं पिवळं आणि घट्ट होतं, आणि शेतकऱ्यांना ते आता लांबूनही ओळखू येत असे. नुकत्याच व्यालेल्या गाईत मात्र या आजाराला लपायला आयती जागा मिळते, कारण तिथे पिवळ्या दुधाचं कुणाला नवल वाटत नाही. माणसाला तो झाला की आधी डोळे येतात, मग ताप चढतो. बहुतेकजण त्यातून उठतात. पोटुशी बाई असली तर मात्र तो फुफ्फुसात उतरतो आणि मग देवावर हवाला.

तसा हा विषाणू काही अमर नव्हता. त्याच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण असतं आणि त्यावर माणसाच्या पेशीला पकडायचे प्रथिनांचे आकडे. दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद, किंवा त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास धरलं की ते आकडे अंड्याच्या पांढऱ्यासारखे गोठून निकामी होतात. संघाच्या कारखान्यात रोज दोन लाख लिटर दूध या तापातून जात होतं आणि त्यातून एकही माणूस आजारी पडला नव्हता.

तरीही गावाकडे संघाचं पाकीट आज कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्याला कारण होती पारख.

पारख म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. दुधाचा एक थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं. विषाणूच्या पोटातली जनुकांची अक्षरं ते वाचतं, सापडली तर लाल दिवा, नाही सापडली तर हिरवा. यंत्र हुशार होतं, पण त्याला एक गोष्ट कळत नव्हती. तापवल्यावर विषाणू मरतो, त्याची अक्षरं मात्र दुधात तुकड्यातुकड्यांनी राहतात. घर जळून गेलं तरी दारावरची पाटी शिल्लक राहावी, तसं. पारख पाटी वाचत होती. आत कुणी जिवंत आहे की नाही, हे बघायची तिची ऐपत नव्हती.

चारशे गावांचं दूध एकत्र येणाऱ्या पाकिटात दोन-चार आजारी गाईंची पाटी सापडायचीच. पारख घरोघरी गेली तशी पाकिटं लाल दिसू लागली आणि दारातल्या गाईचं न तापवलेलं दूध हिरवं. लोकांनी पाकीट सोडलं आणि वाटीतलं कच्चं दूध धरलं. निरोगी गाय उद्या आजारी पडू शकते, हे दिवा सांगत नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे ती पारख गावोगाव नेली होती सारिकानेच. चावडीपुढे उभी राहून, माईक हातात घेऊन तिने सांगितलं होतं, "हिरवा दिवा लागला की निर्धास्त प्या." बाराशे यंत्रं वाटली होती. ते वाक्य आठवलं की तिला आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटे. पुढची दोन वर्षं ती मेलेल्या विषाणूची गोष्ट समजावत फिरली, पण दिव्यापुढे तिचं कोण ऐकणार? सख्ख्या बहिणीनेही ऐकलं नव्हतं.

चीक इतका घट्ट होता की पारखेच्या नळीतून उतरेना. तिने तो शंभरपट पातळ केला आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या यंत्राला लावला. आकडा आला तेव्हा तिने काच पुसून पुन्हा वाचला. एका थेंबात दहा कोटी. एवढ्या अक्षरांचा अर्थ एकच होता, गाईला सडताप झाला होता, आणि हा चीक कुठल्याही तापातून गेलेला नव्हता.

तिने तेजूला फोन लावला. तिसऱ्या खेपेला तिने उचलला.

"मिळाला का गं चीक?"

"तेजू, कुणाकुणाला दिलास?"

"सगळ्या गल्लीला. नऊ घरं. एवढा येतोय की आक्का म्हणाल्या, वाटून टाक."

आक्का म्हणजे तेजूची सासू. चीक विकायचा नाही, वाटायचा, ही जुनी रीत.

"तू खाल्लास?"

"शिजवून खातोय की ताई. चांगला अर्धा तास वाफवतोय. तूच म्हणतीस न्हवं, उष्णतेनं मरतोय म्हणून? तुझं ऐकतोय मी."

सारिकाच्या जिवात जीव आला. क्षणभरच.

"आणि शिजवायच्या आधी? गूळ घातल्यावर चव कोण बघतं?"

"मीच की. नंतर गोड घालता येतंय व्हय? आन आमच्याकडं पहिली चव पोटुशीनं बघायची असती. सगळ्या बायका भांडी घेऊन माझ्याकडंच येत्यात. नुसतं बोट लावून चाखतोय गं, पेलाभर पीत न्हाई."

नऊ घरं. किती दिवस? सारिकाला पुढचा प्रश्न विचारायचं धाडस होईना, पण विचारावा लागला.

"तुझे डोळे कसे आहेत?"

"अय्या, तुला कसं कळलं? कालपासनं आल्यात. लाल झाल्यात नुसते. अंगात जरा कसर पण हाय."

सडतापाच्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत घेतल्या तर बहुधा लागू पडतात, त्यानंतर नशिबाची बाजू वाढत जाते. तिने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉ. इनामदारांना फोन केला. त्या बाई फार बोलत नसत. "रुग्णवाहिका पाठवते. चाळीस माणसांच्या गोळ्या आहेत माझ्याकडे. कच्चं कुणाकुणाच्या पोटात गेलंय ती नावं मला हवीत," एवढंच त्या म्हणाल्या.

आंबेखोलला पोचायला सारिकाला पाऊण तास लागला. रुग्णवाहिका तिच्या आधी आली होती. तेजू पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले, दोन्ही हात पोटावर. तिचा नवरा संग्राम पारख हातात घेऊन डॉक्टरांच्या माणसाशी हुज्जत घालत होता.

"आमच्या चंद्रीला कधी लाल लागला न्हाई. हे बघा, हिरवा."

"कधीचा आहे हा?" सारिकाने विचारलं.

"आटायच्या आधीचा."

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा. व्यायल्यापासून एकदा तरी तपासलंत?"

संग्रामने यंत्र खिशात सरकवलं. आक्का दारातून पुढे आल्या. साठीच्या, काटक, आवाज खणखणीत. "चीक कोण तपासतंय का गं? देवाचं दान ते. दिल्या घरी कुणी 'तपासलाय का' म्हणून इचारलं असतं तर मला मेल्याहून मेल्यागत झालं असतं."

सारिकाला त्यांचा राग आला आणि पुढच्याच क्षणी तो विरला. हिरव्या दिव्याची खात्री या बाईला कुणी दिली होती?

तेजू पहिली गोळी गिळून रुग्णवाहिकेत चढली. दार लावताना तिने ताईचा हात धरून ठेवला. "या वेळेला न्हाई ना गं जायचं बाळ?" तिने विचारलं. सारिका म्हणाली, "नाही जायचं." आयुष्यात एवढं बेजबाबदार विधान तिने दुसरं केलं नव्हतं.

तिला गाडीमागे धावायचं होतं. पण गल्लीत नऊ घरांत कच्चा चीक होता आणि चुली पेटायच्या होत्या. ती दारोदार फिरली. चीक ओतून टाका म्हटल्यावर बायका अंगावर आल्या. "तुमच्या संघाचं पाकीट लाल, आन आमच्या गाईला नावं ठेवताय व्हय?" एकीने तिच्या तोंडावर दार लावलं. पुरुषमाणसं लांब उभी राहून मजा बघत होती. भरल्या कासेचं दूध, त्यातून व्यालेल्या गाईचं, मोरीत ओतायचं नाही, ओतलं तर गोठा ओस पडतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. तिने कितीही अक्षरं मोजून दाखवली असती तरी ते हललं नसतं.

मग तिच्या डोक्यात आलं की ओतायला सांगायचंच कशाला?

"आक्का, गुऱ्हाळाची काहील कुठाय तुमची?"

"परड्यात पालथी हाय. का?"

"गल्लीला सांगा, ओतू नका. घेऊन या. सगळ्यांचा चीक एकत्र शिजवायचा."

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन अशी हाक दिली की शेवटच्या घरातली बाईसुद्धा भांडं घेऊन बाहेर आली. काहिलीखालच्या चुलवाणात उसाच्या पाचटाचा जाळ झाला. चीक आला, सकाळचं दूध आलं, लोण्याचं ताकही आलं. सारिका लांब दांडीचा तापमापक घेऊन धुरात उभी होती. चिकात प्रथिनं दुप्पट-तिप्पट, त्यांच्या आड विषाणू जास्त वेळ टिकतो, म्हणून तिने नव्वद अंशांपर्यंत नेलं आणि तिथेच वीस मिनिटं धरलं. काहिलीत सगळं फाटून पिवळ्या गठळ्या झाल्या. भांडी उकळत्या पाण्यातून निघाली. प्रत्येक बाईचं नाव तिने लिहून घेतलं आणि डॉ. इनामदारांच्या माणसाने प्रत्येकीच्या हातावर गोळ्या ठेवल्या.

त्या नऊ घरांतलं एकही माणूस गेलं नाही. सातजणींना ताप आला आणि उतरला. त्यांनी एकेका भांड्याची चव बघितली होती, तेजूने नऊ घरांची, तीही तीन दिवस.

चौथ्या दिवशी तेजूला श्वास पुरेनासा झाला. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात तिला कृत्रिम श्वासावर ठेवून, पोट उघडून बाळ बाहेर काढलं. मुलगी झाली. वजन एक किलो तीनशे ग्रॅम, नाकाला नळी, पण रक्तात विषाणू नाही. आक्का काचेबाहेर उभ्या राहून नुसत्या हात जोडत होत्या.

दुसऱ्याच दिवशी पोरीचं पोट फुगलं. पावडरचं दूध तिच्या कोवळ्या आतड्यांना झेपत नव्हतं. मुलांच्या डॉक्टरांनी संग्राम, आक्का आणि सारिका, तिघांनाही बाजूला घेतलं. "अशा बाळाला औषध एकच, आईचं दूध. नाहीतर आतडी सडतात. दुसऱ्या आयांचं चाललं असतं, पण आमची दूधपेढी गेल्या वर्षी बंद झाली. जमा झालेल्या दुधात पारखेने लाल दाखवलं की लोक ते घेईनात."

सारिकाला जमीन गिळेल तर बरं असं झालं. तिचं यंत्र इथवर येऊन पोचलं होतं.

त्याच दुपारी नर्सने आतून येऊन सांगितलं की बेशुद्ध पडलेल्या तेजूला पान्हा फुटलाय. शरीराला काय, त्याला वाटलं आपण आई झालो. नर्सने पिळून आणलं ते सहा मिलिलिटर, एका इवल्याशा बाटलीत. दाट, पिवळा, बाईचा चीक. बाळासाठी त्याच्याहून मोलाचं जगात काही नव्हतं.

सारिकाने त्यातला एक थेंब पारखेवर टाकला. दहा मिनिटांनी दिवा लाल झाला. विषाणू गाईच्या कासेत शिरला तसाच तो तेजूच्या छातीत शिरला होता.

तिने डॉक्टरांची परवानगी काढली. नर्सच्या खोलीत विजेची शेगडी होती. पातेल्यात पाणी, पाण्यात बाटली, बाटलीत बारीक तापमापक. आकडा त्रेसष्टवर आला तेव्हा तिने घड्याळ लावलं. चौसष्ट झाला की थेंबभर गार पाणी, बासष्टकडे कलला की आच. दुधातली रोगाशी लढणारी प्रथिनं याहून जास्त तापात टिकत नाहीत, याहून कमी तापात विषाणू मरत नाही. तीस मिनिटं तिची नजर हलली नाही.

निवलेला थेंब संग्रामने स्वतः पारखेवर टाकला. दिवा पुन्हा लाल.

"लालच हाय," तो म्हणाला. "मी न्हाई पाजू देणार."

"लालच राहणार संग्राम. ती मेलेली अक्षरं आहेत."

"कशावरनं मेल्यात?"

जिवंत की मेलेला हे ठरवायची तपासणी होती. पेशींवर दूध टाकून बघायचं, तिला दोन दिवस लागत. पोरीकडे दोन दिवस नव्हते.

"मागं तूच सांगत हुतीस, हिरवा लागला की प्या. प्यालो आम्ही. आता म्हणतीस लाल लागला तरी पाजा. कुठलं खरं धरू मी?"

"तेव्हा मी चुकले होते," सारिका म्हणाली. "दिव्यावर विश्वास ठेवा म्हणाले, ते चुकलं. तापवण्यावर ठेवा म्हणायला हवं होतं."

संग्राम खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. आक्का पुढे आल्या आणि सारिकाच्या हातातली बाटली त्यांनी आपल्या हातात घेतली.

"तेजूच्या जिभेवर चीक मी ठेवला," त्या म्हणाल्या. "पहिली चव तू बघ, म्हणून मीच बशिवलं तिला. आता तिच्या लेकीच्या तोंडात पण मीच घालणार. गल्ली वाचली ती ह्या सारिकाच्या जाळामुळं, संग्राम. उठ. दार उघड."

नर्सने नळीतून थेंब थेंब सोडला, आक्कांनी बाटली धरली. दोन तास सगळ्यांची नजर तिच्या पोटावर होती. पोट आणखी फुगलं नाही. संध्याकाळी जरासं उतरलंसुद्धा.

मग तोच दिनक्रम झाला. दर तीन तासांनी नर्स आतून बाटली आणायची, कधी आठ मिलिलिटर, कधी पाच, आणि सारिका शेगडीपुढे उभी राहायची. तिसऱ्या दिवशी पेशींवरच्या तपासणीचा निकाल आला, तापवलेल्या दुधात जिवंत विषाणू शून्य. संग्रामने तो कागद चारदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. पोरीने पहिल्यांदा हातपाय झाडले. आक्कांनी तिचं नावही मनात योजलं, पण तेजू उठल्याशिवाय सांगणार नाही म्हणाल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बाटलीत चारच मिलिलिटर होतं. नर्सने ते देताना नजर वर केली नाही. सारिकाने पाणी तापवलं, आकडा त्रेसष्टवर आणला, घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं झाली तेव्हा दारात डॉक्टर येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांच्यामागे कुठूनतरी आक्कांचा हंबरडा ऐकू आला.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आत या. शेवटचं बघून घ्या."

तिचे पाय आपोआप दाराकडे वळले. पण ती गेली असती तर आकडा घसरला असता, आणि आता नवं दूध येणार नव्हतं. बाटलीत होतं ते चार मिलिलिटर, तेजूने लेकीला दिलेलं शेवटचं.

"अकरा मिनिटं," सारिका म्हणाली.

तिने आच थोडी वाढवली, डोळे पुसले कारण आकडा दिसेना झाला होता, आणि पुन्हा तापमापकाकडे बघू लागली. त्रेसष्ट.